ज्वालामुखीने ढग उजळतात तेव्हा

ऑगस्ट २०१४ च्या अखेरीस आइसलँडमधील होलुह्रॉन या ओसाड लाव्हा-पठारावर जमिनीला लांब भेग पडली आणि तिच्यातून तप्त लाव्हा वाहू लागला. पुढचे सहा महिने तो वाहतच राहिला. फेब्रुवारी २०१५ मध्ये उद्रेक शमला, तेव्हा सुमारे ८४ चौरस किलोमीटर प्रदेश लाव्हाखाली गेला होता. सह्याद्रीचा काळा कातळही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशाच भेगांतून वाहून आलेल्या लाव्हाचा आहे. अर्थात, तो कितीतरी मोठ्या प्रमाणावर.

२०१० मध्ये आइसलँडच्याच दुसऱ्या एका ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमानसेवा ठप्प केली होती. होलुह्रॉनमधून राख जवळजवळ निघालीच नाही. निघाला तो सल्फर डायऑक्साइड वायू, तोही सुमारे एक कोटी टन. सुरुवातीच्या दिवसांत तर त्याचे रोजचे प्रमाण युरोपीय संघातील सगळे कारखाने, वीजकेंद्रे आणि वाहने मिळून सोडतात त्याहून जास्त होते. स्फोट नसल्यामुळे हा वायू फार उंच गेला नाही. तो उत्तर अटलांटिकवरच्या खालच्या ढगांमध्येच मिसळला. शास्त्रज्ञांना असा प्रयोग स्वतःहून करणे शक्यच नव्हते.

ढगातला प्रत्येक थेंब एखाद्या सूक्ष्म कणाभोवती तयार होतो. सल्फर डायऑक्साइडपासून हवेत सल्फेटचे असे असंख्य कण बनतात. पाणी तेवढेच, पण कण जास्त. त्यामुळे थेंब संख्येने वाढतात आणि आकाराने लहान होतात. खडीसाखरेचा खडा पारदर्शक दिसतो, पण तोच कुटला की पांढराशुभ्र होतो. ढगाचेही तसेच. लहान थेंबांचा ढग अधिक सूर्यप्रकाश परत पाठवतो. शॉन टूमी या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे सांगितले होते.

हा बदल नुसत्या डोळ्यांना सहज कळत नाही. नासाच्या टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांवरील ‘मोडिस’ उपकरण मात्र दृश्य प्रकाशाबरोबर अवरक्त प्रकाशही टिपते. मोठे थेंब अवरक्त प्रकाश जास्त शोषतात, लहान थेंब तो जास्त परावर्तित करतात. या फरकावरून थेंबांचा आकार काढता येतो.

२०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात होलुह्रॉनच्या काळात ढगांतील थेंब खरोखरच लहान झाल्याचे दिसले. ढगांतील पाण्याचे प्रमाण मात्र फारसे बदलले नव्हते. पण ढग तर हवामानामुळेही रोज बदलतात. ज्वालामुखी नसता तर ते कसे असते? २०२२ मधील अभ्यासात संशोधकांनी इतर वर्षांच्या उपग्रह-नोंदी संगणकाला शिकवून हे चित्र उभे केले आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहिले. तेव्हा ढगांनी व्यापलेले क्षेत्र सुमारे १० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. म्हणजे ढग उजळले, शिवाय पसरलेही.

हा प्रश्न आइसलँडपुरता नाही. कोळसा आणि जहाजांच्या इंधनातूनही हाच वायू निघतो. आपल्या धुराने ढग उजळवून तापमानवाढीचा काही भाग झाकून ठेवला आहे. किती? आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार असे सूक्ष्म कण आणि इतर काही मानवी कारणांनी मिळून पृथ्वी शून्य ते ०.८ अंश सेल्सिअस थंड ठेवली. एवढी मोठी अनिश्चितता असेल, तर पुढच्या तापमानाचे गणितही डळमळीत राहते. होलुह्रॉनसारख्या नोंदींवर हवामानाची प्रारूपे तपासता येतात, ती यासाठीच.

जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. फुप्फुसांसाठी ते आवश्यकच होते. सल्फरयुक्त धुराने दमा आणि श्वसनविकार बळावतात. पण हवा स्वच्छ होते तसे ढगांचे हे छत्रही विरळ होते. सल्फेटचे कण काही दिवसांत पावसाबरोबर धुऊन जातात, कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतके हवेत टिकतो. त्यामुळे धूर कमी करताना कार्बनही तितक्याच वेगाने कमी करावा लागेल. नाहीतर आजवर झाकलेली उष्णता उघडी पडेल.