पाण्याखालच्या बागेला कर्बवायूची रसद

चैत्र-वैशाखात बोपोडीकडून हॅरिस पुलावरून दापोडीकडे येणाऱ्या माणसाने कठड्याखाली नजर टाकली, तर मुळेचे पाणी त्याला पुष्कळदा दिसतच नाही. दिसते ती काठापासून काठापर्यंत पसरलेली, फुगीर देठांची जलपर्णी, जी काढण्यासाठी वर्षानुवर्षे ठेके दिले जातात आणि जी वर्षानुवर्षे त्या ठेक्यांना पुरून उरते. त्याच दापोडीत, पवनेचे पाणी नळावाटे घरात घेऊन काचेच्या टाकीत मोठ्या हौसेने लावलेली रोटाला किंवा कॅबोंबा मात्र काही आठवड्यांतच रोडावते, खालची पाने गाळते आणि तपकिरी शेवाळाच्या स्वाधीन होते. एकीकडे कोणी न लावता माजणारी वनस्पती आणि दुसरीकडे खत, वाळू, दिवा अशी सर्व सरबराई करूनही झुरणारी वनस्पती, ह्या विसंगतीचा उलगडा नदीत मिसळणाऱ्या मैलापाण्यातील नत्र-स्फुरदाने पुरता होत नाही. जलपर्णी आपली पाने पाण्याबाहेर उघड्या हवेत धरते, आणि कार्बन डायऑक्साइड हा तिचा मुख्य आहार तिला तेथे अखंड मिळत राहतो. टाकीतील वनस्पतीचे पान बुडालेले असते, आणि बुडालेल्या पानापर्यंत तो आहार पोहोचण्याची वाट फार बिकट आहे.

ही वाट किती बिकट आहे ते आकड्यांतच पाहावे. हवेत हा कर्बवायू दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो, आणि अशा हवेच्या सान्निध्यात निवांत ठेवलेल्या २५ अंश तापमानाच्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम ०.६ मिलिग्रॅम विरघळतो. त्यातही गैरसोय अशी की, पाण्यात वायूचे रेणू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद पसरतात. त्यामुळे पानाला चिकटून असलेला पाण्याचा पातळ थर एकदा निःसत्त्व झाला की, शेजारच्या पाण्यातील वायू तेथवर येईपर्यंत पान उपाशीच राहते. मग निसर्गात पाण्याखाली काही उगवते ते कसे, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे एक उत्तर असे की, झऱ्यांचे पाणी आणि तळ्यातला कुजता गाळ यांच्यामुळे नैसर्गिक जलाशयांत हा वायू हवेच्या हिशेबापेक्षा बराच अधिक असतो. दुसरे असे की, टाकीसाठी विकल्या जाणाऱ्या पुष्कळ वनस्पती खऱ्या अर्थाने जलचर नसून भातखाचरांच्या बांधांवर आणि ओढ्यांच्या काठांवर अर्धे वर्ष पाण्यात व अर्धे वर्ष हवेत काढणाऱ्या, उभयचर वृत्तीच्या आहेत. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात भरणाऱ्या आणि हिवाळ्यानंतर आटणाऱ्या डबक्यांतील रोटालाच्या जाती याच वळणाच्या. काही वनस्पतींनी मात्र वेगळीच तजवीज केली आहे: हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया या पाण्यातील बायकार्बोनेटातूनच कर्ब काढून घेतात. शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रात हायड्रिला ठेवून, तीवर काचेचे नरसाळे व परीक्षानळी पालथी घालून, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकण्याचा जो प्रयोग आपण सर्वांनी पाहिला, त्यातल्या सोड्याचे प्रयोजन हेच होते.

त्या प्रयोगात बुडालेल्या पानांवर धरणारे बुडबुडे शास्त्राच्या इतिहासात मोठ्या मानाचे आहेत. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज पाद्र्याने १७७१ मध्ये पुदिन्याच्या रोपट्याने मेणबत्तीने विटाळलेली हवा पुन्हा शुद्ध होते असे दाखविले, आणि याच गृहस्थाने पुढल्या वर्षी पाण्यात कर्बवायू मुरविण्याची कृती प्रसिद्ध करून सोडावॉटरच्या धंद्याचा पाया घातला. १७७९ मध्ये यान इंगेनहाउस याने पाण्यात बुडविलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे धरतात आणि अंधारात ते थांबतात असे नोंदवून, हे सारे कार्य प्रकाशाच्या आज्ञेने चालते हे सिद्ध केले. हिरव्या गालिच्यावर सूक्ष्म मोत्यांच्या माळा चढू लागल्या की आजचा हौशी जे समाधान पावतो, त्याचा मूळ मानकरी हा डच वैद्य होय. या हौसेला कलेची प्रतिष्ठा दिली ती मात्र जपानच्या ताकाशी आमानो यांनी; निइगाता प्रांतात १९५४ मध्ये जन्मलेल्या या छायाचित्रकाराने १९८२ मध्ये आपली संस्था स्थापन केली, आणि २०१५ मध्ये निधन होईपर्यंत वायूची रसद मिळालेल्या टाक्यांतून त्यांनी वने, कुरणे व डोंगरउतार उभे केले.

वनस्पतींच्या अशा लाडांचा दापोडीला पूर्वानुभव आहे, हे येथील रहिवाशांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. सर जॉन माल्कम हे १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर असताना त्यांनी येथे सरकारी वनस्पती-उद्यान सुरू केले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्याचे अधीक्षक होते, आणि त्यांनी एका भारतीय चित्रकाराकडून तेथील झाडाझुडपांची जी जलरंगी चित्रे काढून घेतली ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पती-उद्यानात जतन करून ठेवलेली आहेत. हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. चित्रकाराचे नाव मात्र दप्तरात उरले नाही. साहेबाचे नाव पक्क्या शाईत आणि कारागिराचे विस्मृतीत, ही त्या काळच्या कारभाराची रीतच होती. गिब्सन यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांच्यासह १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि आपल्याकडील वनस्पतींची शास्त्रीय मोजदाद त्यामुळे मार्गी लागली. ते उद्यान गेले. त्याच्या पंचक्रोशीत एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आणि लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आले, आणि पलीकडे भोसरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली.

या कारखान्यांमुळेच दापोडीच्या हौशी माणसाला कर्बवायू दुर्मीळ नाही. मोटारींचे सांगाडे आणि सुटे भाग जोडताना तापलेल्या धातूला हवेपासून वाचविण्यासाठी हाच वायू सोडतात, आणि ‘सीओटू वेल्डिंग’ हा शब्द येथील प्रत्येक वर्कशॉपात रोजच्या बोलण्यातला आहे. त्यामुळे वायू भरून देणारा एजंट जवळच सापडतो. मात्र वेल्डिंगचे सामान उचलून टाकीला लावणे शहाणपणाचे नव्हे. वेल्डिंगच्या रेग्युलेटरातून मिनिटाला दहा ते वीस लिटर वायू वाहतो, आणि मध्यम टाकीला मिनिटाला काही मिलिलिटरच हवा असतो. कालव्याचा दरवाजा उघडून तुळशीला पाणी घालण्यासारखाच तो प्रकार. म्हणून टाकीसाठीच्या रेग्युलेटरावर अतिसूक्ष्म चालीचा नीडल व्हॉल्व्ह असावा लागतो, आणि सर्व साहित्यात काटकसर कुठे करू नये असे विचाराल तर ते ठिकाण हेच.

सिलिंडर निवडताना दुसरी एक खबरदारी आवश्यक आहे. कारखान्यांच्या आसपास जुनी अग्निशामक नळकांडी स्वस्तात मिळतात आणि तीही कर्बवायूचीच असतात; परंतु आग विझविताना द्रवरूप वायू बाहेर यावा म्हणून त्यांच्या आत तळापर्यंत पोहोचणारी नळी बसविलेली असते, आणि तसे नळकांडे उभे ठेवून रेग्युलेटर लावला तर वायूऐवजी द्रव त्यात शिरून तो गोठतो व निकामी होतो. ती नळी काढण्याचे काम अधिकृत भरणाऱ्याचेच. घरच्या पान्याने करण्याचे नव्हे. आपल्याकडे उच्च दाबाच्या सिलिंडरांवर पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटनेचा अंमल चालतो, जिचे मुख्यालय नागपुरास आहे. तिची मान्यता नसलेला किंवा दर पाच वर्षांनी होणाऱ्या दाबचाचणीची तारीख उलटून गेलेला सिलिंडर फुकट मिळाला तरी घरात आणू नये.

याचे कारण आतल्या दाबात आहे. २५ अंशांना सिलिंडरातील दाब वातावरणाच्या सुमारे चौसष्ट पट असतो, आणि ३१ अंशांच्या वर गेल्यावर या वायूला द्रवरूपात राहताच येत नाही. पुण्याच्या एप्रिल-मेत पारा चाळिशीकडे झुकतो तेव्हा भरलेल्या सिलिंडराच्या आत हा सारा फेरबदल मुकाट्याने चाललेला असतो आणि दाब वाढत असतो. म्हणून सिलिंडर कधीही काठोकाठ भरीत नाहीत, आणि म्हणूनच तो गॅलरीतल्या उन्हात ठेवू नये. सावलीत, उभा, पट्ट्याने भिंतीला जखडून ठेवावा. कर्बवायू हवेपेक्षा दीडपट जड असून त्याला वास नाही. पाच किलोचा सिलिंडर सगळा गळला तर सुमारे पावणेतीन घनमीटर वायू होतो, आणि दहा फूट लांब, रुंद व उंच अशा बंद खोलीत त्याचे प्रमाण नऊ-दहा टक्क्यांवर जाऊ शकते, जे माणसाला बेशुद्ध करण्यास पुरेसे आहे. दापोडीच्या चाळीतल्या खोल्या याहून फारशा मोठ्या नाहीत. तेव्हा लहान सिलिंडर घ्यावा, प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावून गळती पाहावी, आणि झोपायच्या खोलीत हे प्रकरण मांडू नये.

उरलेल्या सामानाचे वर्णन थोडक्यात आटोपता येते. रेग्युलेटरानंतर विजेवर उघडणारा-मिटणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, मग बुडबुडे मोजण्याची लहानशी काचनळी, टाकीचे पाणी उलटे येऊ नये म्हणून चेक व्हॉल्व्ह, पॉलियुरेथेनची नळी, कारण सिलिकॉनच्या नळीतून हा वायू पाझरून जातो, आणि शेवटी बुडबुड्यांचे धुके करणारा डिफ्यूझर, जो फिल्टरचा प्रवाह ते धुके टाकीभर नेईल अशा जागी बसवावा. साठ-सत्तर लिटरच्या टाकीत सेकंदाला एक बुडबुडा ही सुरुवात ठीक. पण बुडबुड्यांची गणती हे माप नव्हे, तो केवळ अंदाज आहे.

खरे माप पाण्यात काय विरघळले त्याचे, आणि तेथे दापोडीची स्थानिक परिस्थिती आडवी येते. पाण्याची कार्बोनेट कठिणता आणि सामू ठाऊक असला की विरघळलेला वायू गणिताने काढता येतो. परंतु पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०१९ च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणीपुरवठ्याची पद्धत लागू केल्यापासून साठवणीच्या हौदात कधी पवनेचे मऊ पाणी, कधी कूपनलिकेचे वा टँकरचे जड पाणी असे मिश्रण होते, आणि गणिताचा आधारच डळमळतो. ड्रॉप चेकर या लहान काचपात्राचे महत्त्व यातच आहे. त्यात टाकीचे पाणी घालायचे नसते. चार अंश कठिणतेचे तयार द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्ल्यू हा दर्शक घालून ते टाकीत पालथे लटकवितात, आणि मधल्या हवेच्या पोकळीतून वायू त्यात उतरतो. निळा रंग म्हणजे उपासमार, पोपटी हिरवा म्हणजे लिटरमागे सुमारे तीस मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे मासे धोक्यात. हा साक्षीदार प्रामाणिक आहे, पण संथ आहे. त्याचा रंग एक-दोन तास मागची हकीकत सांगत असतो, त्यामुळे व्हॉल्व्ह फिरवून लगेच त्याच्याकडे पाहणे व्यर्थ.

माशांच्या जिवाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. पाण्यात कर्बवायू वाढला की माशांच्या रक्ताची प्राणवायू धरून ठेवण्याची शक्ती घटते, आणि पाण्यात प्राणवायू मुबलक असूनही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. अशा वेळी वायू बंद करून हवेचा पंप जोरात सोडावा आणि थोडे पाणी बदलावे. वनस्पतींना अंधारात कर्बवायू नको असतो, उलट त्या स्वतःच तो सोडतात. म्हणून वायू दिवा लागण्यापूर्वी तास-दोन तास सुरू करून दिवा मालवण्यापूर्वी तासभर बंद करावा, आणि हे काम टायमरवर सोपवावे. वीज गेली की सोलेनॉइड आपोआप मिटतो, हे उत्तमच. पण फिरत्या चकतीचा टायमर तितके तास मागे पडतो आणि पुढल्या दिवशी भलत्याच वेळी वायू सोडतो. बॅटरीवर वेळ जपणारा डिजिटल टायमर त्यासाठीच घ्यावा.

इतक्या खटाटोपाची प्रत्येकाला गरज आहे काय? माझे स्पष्ट मत असे की, बहुतेकांना नाही. वायूची भूक दिवा ठरवितो. मंद दिव्याखाली जावा फर्न, अनुबियास आणि क्रिप्टोकोरिन या जाती हवेतून मिळेल तेवढ्या कर्बवायूवर वर्षानुवर्षे सुखाने राहतात, आणि टाकीत तेवढेच हवे असेल तर सिलिंडरचा विचारही करू नये. दुकानदाराच्या आग्रहाने प्रखर एलईडी घेतला की मात्र वनस्पतींची मागणी वाढते, पुरवठा तेवढाच राहतो, आणि मधली फट शेवाळ भरून काढते. तेथे पहिला इलाज दिव्याचे तास आणि उंची कमी करणे हा, आणि त्यावरही लाल रोटालांचा हट्ट असेल तरच दुसरा इलाज वायूचा. सिलिंडरऐवजी वायू देणारी साखर आणि यीस्टची बाटली स्वस्त, पण तिच्यावर हुकूम चालत नाही. आज ओसंडते, परवा मंदावते, आणि रात्री तर थांबतच नाही. खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल यांची जोड त्याहून बरी, कारण तिचा हिशेब नक्की आहे: २५२ ग्रॅम सोडा आणि १९२ ग्रॅम आम्ल यांतून १३२ ग्रॅम वायू. दाब सहन करणाऱ्या खास बाटलीतच ती वापरावी. वनस्पती मात्र रोपवाटिकेतूनच घ्याव्यात. कासच्या पठारावरचा वायतुरा कितीही मोहक असला तरी तो सह्याद्रीपुरताच उरलेला जीव आहे, आणि तो उपटून काचेत आणण्याला हौस म्हणता येणार नाही.

एक शेवटची व्यावहारिक बाब. सिलिंडरात द्रव शिल्लक असेतो दाबमापकाचा काटा खोलीच्या तापमानाबरोबर थोडा हलतो, पण किती वायू उरला ते सांगत नाही. द्रव संपला की तो झपाट्याने उतरतो, आणि साध्या एकपदरी रेग्युलेटरात नेमक्या याच वेळी टाकीकडचा दाब वाढून बुडबुडे एकाएकी भरभर सुटू लागतात, ज्याचा फटका रात्री कोणी पाहत नसताना माशांना बसतो. म्हणून काट्यावर भिस्त न ठेवता महिन्यातून एकदा सिलिंडर तराजूवर ठेवावा, त्याच्या गळ्याशी कोरलेले रिकाम्याचे वजन त्यातून वजा करावे, आणि उरलेला आकडा पाव किलोच्या खाली गेला की त्याच आठवड्यात तो भरून आणावा.