लाज नको, इलाज हवा

गळीत हंगाम आटोपल्यावर आम्ही काही मंडळी देवबागला गेलो होतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. होडीत बसण्यापूर्वीच आमच्या एका वयस्कर स्नेह्यांचे धोतर खराब झाले. ते मान वर करीनात. आम्ही इतकेच म्हटले, "आबा, चला, आधी आंघोळ उरकू." कोमट पाणी, मऊ सुती कापड, कातडीला थोडे खोबरेल. ना हसणे, ना चर्चा.

कुणीतरी जुलाब थांबवायची गोळी पुढे केली. ती आम्ही घेऊ दिली नाही. म्हातारपणी पुष्कळदा आत घट्ट मळ अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपते. तेव्हा अशी गोळी उलटी पडते. डॉक्टरांनी तपासल्यावर तेच निघाले.

मधुमेह आणि काही औषधे हीही कारणे असतात. भीतीपोटी पाणी, जेवण तोडू नये. मात्र बैठकीची जागा बधिर झाली, पायांतले बळ गेले, लघवी अडली किंवा रक्त पडले, तर लगेच दवाखाना गाठावा.

आबा पुढच्या वार्षिक सभेला आले. दाराजवळची खुर्ची आम्ही राखून ठेवली होती.