लांब पल्ल्याची मोटारसायकल

नवी मोटारसायकल दिसली की तुम्ही काय विचारता? ‘ही किती वेगाने पळते?’ असेच ना? पण ‘ही नीट थांबते का?’ हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

जपानच्या होंडा कंपनीने १९९० साली ‘एसटी ११००’ ही मोटारसायकल बाजारात आणली. युरोपात तिला ‘पॅन युरोपियन’ म्हणत. एका देशातून दुसऱ्या देशात शेकडो किलोमीटर जाणाऱ्या प्रवाशांसाठी ती बनवली होती. अशा प्रवाशाला वेग हवा असतो आणि आरामही हवा असतो.

तिचे इंजिन १०८४ सीसीचे होते. त्याचे चार सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात बसवले होते. मागचे चाक फिरवण्यासाठी साखळीऐवजी पोलादी दांडा होता. साखळी सैल होते, तिला वारंवार तेल द्यावे लागते. दांड्याला ही कटकट नसते. टाकीत २८ लिटर पेट्रोल मावत असे. एवढे जड पेट्रोल उंचावर असेल, तर तोल सांभाळणे कठीण जाते. म्हणून टाकी बैठकीखाली बसवली होती. समोरच्या काचेमुळे वारा अंगावर येत नसे. सामानासाठी दोन्ही बाजूंना पेट्या होत्या.

आता थांबण्याविषयी पाहू. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला, तर चाक फिरायचे थांबते. पण गाडी थांबत नाही. ती घसरत पुढे जाते आणि चालक पडतो. यावर उपाय म्हणून १९९२ साली या गाडीच्या एका प्रकारात ‘एबीएस’ ही यंत्रणा बसवली गेली. ती चाकाचा वेग सतत मोजते. चाक अडकणार असे दिसताच ती ब्रेकचा दाब क्षणभर कमी करते आणि पुन्हा वाढवते. सेकंदाला अनेक वेळा असे घडते. त्यामुळे चाक फिरत राहते आणि गाडी ताब्यात राहते.

या गाडीचे उत्पादन २००२ साली थांबले. एबीएस मात्र साध्या गाड्यांपर्यंत पोहोचले. भारतात २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या मोटारसायकलींना ते सक्तीचे आहे.

अशी एखादी गाडी उभी दिसली, तर तिच्या पुढच्या चाकाकडे नीट पाहा. ब्रेकच्या तबकडीजवळ खाचा असलेली एक लहान चकती दिसेल. तिच्यावरूनच चाकाचा वेग मोजला जातो. चकती लहान आहे; पण तिने अनेकांना पडण्यापासून वाचवले आहे.