दुष्काळी पट्ट्यातील कामाचे तास: एक मागोवा

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि २० किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली, तेव्हा कामगाराची संमती, जादा कामाचा मोबदला आणि उद्योगांची सोय यांविषयी पुष्कळ बोलले गेले. त्या वाढीव तासांत घरचे पाणी कोण भरणार आणि लेकरे कोण सांभाळणार, ही विचारणा मात्र फार थोड्यांनी केली. याच राज्याने अर्धशतकापूर्वी हा प्रश्न नियमांच्या भाषेत मांडला होता, आणि त्याची मुळे सांगली जिल्ह्यात होती.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीत कारखान्यालगतच वसाहत होती, आणि १९३० पासून तेथूनच ‘स्त्री’ मासिक निघू लागले. पण ती वाडी अपवाद होती. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत या तालुक्यांत घर दोन ठिकाणी विभागलेलेच असे: पुरुष मुंबईच्या गिरणीत किंवा गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी परप्रांतात, बाई, सासूसासरे, गुरे आणि कोरडवाहू रान गावात. हे घर मनीऑर्डरीवर चालत होते, हा रूढ समज अपुरा आहे, कारण एका मनीऑर्डरीपासून दुसरीपर्यंतचे दिवस बाईच्या राबण्यावर निघत आणि त्या राबण्याची नोंद कोठेही होत नसे.

ती नोंद प्रथम झाली सरकारी कामांच्या हजेरीपत्रकावर. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात, मागेल त्याला काम देण्याच्या कल्पनेचा प्रयोग सुरू केला. १९७२ च्या दुष्काळाने ती कल्पना राज्यभर नेली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रौढ व्यक्तीला १५ दिवसांत काम मिळावे, ते शक्यतो गावापासून पाच किलोमीटरच्या आत असावे, स्त्रीपुरुषांना एकाच दराने मजुरी मिळावी, आणि कामावर पिण्याचे पाणी, सावली व लेकरांसाठी पाळणाघर असावे, अशा तरतुदी रोजगार हमी योजनेत (रोहयो) होत्या. पाच किलोमीटरची ही अट वरकरणी किरकोळ दिसते, परंतु पहाटे भाकरी थापून, जनावरांना वैरण टाकून निघालेल्या आणि दिवस मावळण्याआधी घर गाठावे लागणाऱ्या बाईसाठी काम करता येणे व न येणे यांतला सारा फरक त्या एका अटीत होता.

१९७२ ते १९८२ हे दशक म्हणूनच विस्ताराने पाहण्याजोगे आहे. पाझर तलाव, म्हणजे अडवलेले पाणी जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना पुरवणारे तलाव, नालाबांध आणि कच्चे रस्ते यांवर बायकांच्या टोळ्या पाट्या वाहत होत्या, आणि मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर ठरत होती. त्या दिवसांना सोन्याचे म्हणणे खोटे ठरेल. पाळणाघर बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिले, पोर बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपले, आणि मापात व पगारवाटपात मजूर नाडले गेले. तरीही दोन आक्षेपांचा हिशेब चुकता करणे आवश्यक आहे. सरकार खडी फोडण्यात पैसा घालवते, अशी तक्रार शहरी नोकरदारांनी केली, कारण योजनेसाठी व्यवसायकर त्यांच्या पगारातून कापला जाई. पण त्याच पैशातून उभे राहिलेले बांध कित्येक गावांच्या विहिरींना आधार झाले. रोहयोमुळे शेताला बाया मिळत नाहीत, ही बागायतदारांची तक्रार तर मुळातच अन्यायाची होती, कारण बाईला कमी रोजावर राबण्यास नकार देता येऊ लागला, एवढाच त्या तक्रारीचा खरा अर्थ होता.

जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि कामाविना पुरुष गावी परतू लागले, तेव्हा तोवर बाईने रेटलेल्या संसाराचे मोल काही घरांत तरी उमगले असावे. खानापूर तालुक्यात ऐंशीच्या दशकात येरळा नदीवरचे बळीराजा धरण लोकांच्या पुढाकाराने उभे राहिले, आणि परित्यक्तांनी, म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांनी, शिधापत्रिका व जमीन यांची मागणी संघटितपणे केली. चार बायांच्या टोळीत रोज उभे राहण्याची सवय या धिटाईमागे होती, असे मानण्यास जागा आहे. पुढील वर्षांत रोहयोची कामे रोडावली. १९९७ मध्ये म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली, जिने रोज बुडू नये म्हणून बचत बाईच्या दारातून व बाजारातून गोळा केली. कामाची वेळ बाईच्या दिवसाशी जुळवण्याचा तो विचार पुन्हा दिसला, पण या वेळी राज्याच्या नव्हे, बायकांच्याच बळावर.

आज त्या बायकांच्या सुना-नाती कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, साताऱ्याच्या कारखान्यांत आणि मिरजेच्या रुग्णालयांत कामाला जातात. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली, हा मोठाच लाभ आहे. परंतु पाळणाघराची सक्ती ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणीच आहे, आणि लहान कारखान्यांतील व दुकानांतील असंख्य बाया त्या आकड्याच्या खाली राहतात. बारा तासांची पाळी आणि येण्याजाण्याचा वेळ धरला, तर सकाळी निघालेल्या आईला तान्हे मूल जागे असताना दिसण्याची शक्यता कमी आहे. तास वाढवणाऱ्या नियमाबरोबर पाळणाघराचा आकडा ५० वरून खाली आणणे आणि एस.टी.च्या फेऱ्या पाळीच्या वेळांशी जुळवणे, एवढ्या दोन गोष्टी तरी राज्याने केल्या पाहिजेत, आणि त्यासाठी रोहयोच्या जुन्या नियमांचा आधार त्याच्याच दप्तरात आहे.