वजन उतरवताना हृदय सांभाळा

रमजान ईद झाली की आमच्या शिक्षकखोलीत वजनाचा विषय निघतोच. महिनाभर इफ्तारला भजी-समोसे, मग शीरखुर्मा आणि घरोघरच्या दावती. यंदा चाळिशीतल्या एका सहकाऱ्यांनी निश्चयच केला. दुपारचे जेवण बंद आणि संध्याकाळी तासभर जोरात धावायचे. आठव्या दिवशी चक्कर येऊन ते मैदानातच खाली बसले. थोडक्यात निभावले, पण आम्ही सारेच विचारात पडलो.

अशा वेळी अमेरिकन लेखक जिम फिक्स आठवतात. पस्तिशीच्या सुमारास ते धावू लागले, सिगारेट सोडली, वजन बरेच उतरवले. १९७७ साली आलेले त्यांचे धावण्यावरचे पुस्तक प्रचंड खपले. १९८४ मध्ये धावायला गेले असताना हृदयविकाराने ते वारले. वय अवघे ५२. हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून तुंबलेल्या निघाल्या. त्यांचे वडीलही ४३ व्या वर्षी याच आजाराने गेले होते. यावरून धावणे वाईट ठरत नाही. मात्र अंग बारीक झाले म्हणजे हृदय निरोगी झाले, असे समजू नये.

आता थोडा हिशेब करू. मोठा चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. अर्धा तास भरभर चालल्यावर साधारण १५० खर्च होतात. दोन समोशांपुढे ते चालणे कमीच पडते. म्हणजे वजन मुख्यतः ताटात कमी होते. पण ताट रिकामे ठेवून नव्हे. फार उपाशी राहिले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शरीरातले क्षार घटले तर हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. म्हणून तेल, साखर, मैदा कमी करावा. डाळ, अंडी, मासे, भाज्या पोटभर खाव्यात.

व्यायामाची सुरुवात चालण्याने करावी. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा-अर्धा तास. चालताना बोलता आले पाहिजे, इतकाच वेग ठेवावा आणि तो हळूहळू वाढवावा. सवय नसताना एकदम जोर लावला तर रक्तदाब झपाट्याने चढतो आणि आधीच खराब असलेल्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ शकते. दावतीहून येऊन लगेच धावू नये. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब, तंबाखूची सवय किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी जोराचा व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

छातीत दाब, हात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, चक्कर, यांतले काहीही जाणवले तर तिथेच थांबावे आणि तातडीने दवाखाना गाठावा. 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पीत बसू नये. बायकांमध्ये कधी छातीत न दुखता नुसता दम लागतो किंवा मळमळते. तेही अंगावर काढू नये.

आमचे सहकारी आता तपासणी करून फज्रनंतर बेगमसोबत चालायला जातात. दुपारचा डबाही पुन्हा सुरू झाला आहे. फक्त त्यात भात थोडा आणि भाजी जास्त असते.