जॅग्वार : लायन्स यांचा अर्धाच वारसा

सप्टेंबर १९३५. लंडनच्या मेफेअर हॉटेलात जॅग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स यांनी विक्रेत्यांना आणि पत्रकारांना जेवायला बोलावले, नवी मोटार दाखवली आणि तिची किंमत ओळखायला सांगितली. पाहुण्यांच्या अंदाजांची सरासरी सहाशे पौंडांच्या वर गेली. प्रत्यक्षात गाडी चारशेच्या आतली होती. ‘एसएस जॅग्वार’ हे नाव जगापुढे आले ते असे, किमतीचा धक्का देत.

हा प्रसंग आज मुद्दाम आठवायला हवा. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी जॅग्वारने आपले नवे रूप जाहीर केले. भडक रंगांचे कपडे घातलेली माणसे, लिफ्टचे दार, गुलाबी खडकाळ प्रदेश, आणि अख्ख्या जाहिरातीत एकही मोटार नाही. ‘तुम्ही मोटारी विकता ना?’ असा टोमणा इलॉन मस्क यांनी मारला. पुढच्या वर्षी डोनाल्ड ट्रम्प यांनीही या जाहिरातीवर तोंडसुख घेतले. घोषवाक्य होते ‘कॉपी नथिंग’, म्हणजे कोणाची नक्कल नको. त्याचे मूळ कंपनी खुद्द लायन्स यांच्या शिकवणीत दाखवते. ते चूक नाही, पण वारसा अर्धाच उचलला आहे. लायन्स नक्कल करत नव्हते हे खरे. तितकेच खरे हे, की ते श्रीमंतीचा थाट मध्यम किमतीत विकत होते.

१९२२ मध्ये ब्लॅकपूलला मोटारसायकलींच्या साइडकार बनवण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे ऑस्टिन सेव्हनसारख्या साध्या गाडीवर देखणी बॉडी चढवून विकली. मुक्काम कॉव्हेंट्रीला हलला. हिटलरच्या ‘एसएस’ने ती दोन अक्षरे बदनाम केल्यावर १९४५ मध्ये कंपनीचे नाव नुसते जॅग्वार झाले. १९४८ ची एक्सके १२० ताशी १२० मैल पळायची आणि तिची मूळ किंमत, कर सोडून, हजार पौंडांच्या आत होती. १९६१ मध्ये जिनिव्हात आलेली ई-टाइप तर इतकी सुंदर, की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ मध्ये ती कायमच्या संग्रहात घेतली. तिच्या तोडीच्या फेरारी किंवा ॲस्टन मार्टिनला जवळपास दुप्पट पैसे मोजावे लागत. शिवाय १९५१ ते १९५७ या सात वर्षांत ल मान्सची चोवीस तासांची शर्यत पाचदा जिंकलेली. एवढे सगळे असताना प्रतिमेसाठी वेगळी जाहिरात करायची गरजच कुठे होती?

मग उतार लागला. १९६८ मध्ये कंपनी ब्रिटिश लेलँडच्या गोतावळ्यात गेली, आणि दर्जा ढासळून विनोदाचा विषय झाली. १९८४ मध्ये ती पुन्हा स्वतंत्र झाली, आणि १९८९ मध्ये फोर्डने तिच्यासाठी सुमारे अडीच अब्ज डॉलर मोजायची तयारी दाखवली. फोर्डने कारखाने सुधारले, हे मान्य करायलाच हवे. पण त्यांना संख्या हवी होती, बीएमडब्ल्यूशी बरोबरी हवी होती. म्हणून फोर्ड मॉन्डिओच्या सांगाड्यावर एक्स-टाइप निघाली, वर जुन्या जॅग्वारचा चेहरा लावून. माझ्या मते ब्रँडची खरी घसरण तिथे झाली, २०२४ च्या जाहिरातीत नव्हे. आपलीच नक्कल करण्याइतकी वाईट नक्कल दुसरी नाही.

२००८ मध्ये टाटा मोटर्सने लँड रोव्हरसह जॅग्वार २.३ अब्ज डॉलरना घेतली. आपल्याकडे या खरेदीची एक गोष्ट व्हॉट्सॲपवर अजून फिरते : १९९९ मध्ये डेट्रॉइटला फोर्डच्या लोकांनी रतन टाटांचा पाणउतारा केला आणि टाटांनी नऊ वर्षांनी उट्टे काढले. ती सांगितली टाटा समूहाचे प्रवीण काडले यांनी, २०१५ मध्ये मुंबईत, यशवंतराव चव्हाण यांच्या नावाच्या पुरस्काराच्या समारंभात. गोष्ट छान आहे, पण तिचा पुढचा भाग कोणी फॉरवर्ड करत नाही. सौदा जूनमध्ये पुरा झाला, सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली, आणि २००८-०९ मध्ये टाटा मोटर्सला एकत्रित अडीच हजार कोटींचा तोटा झाला. त्यातून कंपनी तरली ती मुख्यतः लँड रोव्हरच्या जोरावर.

जॅग्वारलाही चांगले दिवस आले. डिझायनर इयान कॅलम यांनी जुन्या चेहऱ्याचा मोह सोडून एक्सएफ, एफ-टाइप, एफ-पेस अशा गाड्या घडवल्या. विजेवरची आय-पेस २०१९ ची ‘वर्ल्ड कार ऑफ द इयर’ ठरली. २०१८ मध्ये विक्री एक लाख ऐंशी हजारांवर पोहोचली. पण त्याच काळात बीएमडब्ल्यू वर्षाला वीस लाखांहून अधिक गाड्या विकत होती. इतक्या थोड्या गाड्यांवर नव्या इंजिनांचा, नव्या सांगाड्यांचा खर्च निघत नाही. आणि जर्मनांच्या किमतीला उतरून स्पर्धा करायची, तर नफा उरत नाही. २०२४-२५ मध्ये आकडा सत्तावीस हजारांच्या आसपास आला.

मात्र यातली बरीचशी घसरण ठरवून केलेली आहे. २०२१ मध्ये तेव्हाचे प्रमुख तिएरी बोलोरे यांनी जॅग्वार पूर्णपणे विजेवर नेण्याचे जाहीर केले, तयार होत आलेली विद्युत एक्सजे रद्द केली, आणि नंतर एकेक जुने मॉडेल बंद होत गेले. एप्रिल २०२५ मध्ये युरोपात जॅग्वारच्या फक्त ४९ गाड्या नोंदल्या गेल्या, तेव्हा ‘जाहिरातीने कंपनी बुडवली’ अशा बातम्या झाल्या. दुकानात मालच नव्हता, हे त्या बातम्यांत बारीक अक्षरांत होते.

डिसेंबर २०२४ मध्ये मायामीत दाखवलेली टाइप ००, म्हणजे लांबलचक बॉनेटची गुलाबी आणि निळी संकल्पना-गाडी, मला जाहिरातीपेक्षा बरीच धीट वाटली. तिच्यावरून बेतलेली चार दारांची गाडी इंग्लंडमधल्या सॉलिहलला बनवायची आणि एक लाख पौंडांच्या वर विकायची, असा बेत. कमी गाड्या, मोठा नफा. हिशेब म्हणून तो पटतो. पण इतक्या किमतीची विद्युत गाडी घेणारे गिऱ्हाईक किती, या प्रश्नावर पोर्शसारख्यांचेही हात पोळले आहेत. तिथे ‘कॉपी नथिंग’ उपयोगी पडत नाही.

आता निर्णय मुंबईकर मालकांच्या माणसाकडे आहेत. टाटा मोटर्सचे तेव्हाचे वित्तप्रमुख पी. बी. बालाजी यांनी नोव्हेंबर २०२५ पासून जॅग्वार लँड रोव्हरची सूत्रे घेतली, तीही सप्टेंबरातल्या सायबर हल्ल्याने कारखाने महिनाभराहून जास्त बंद राहिल्यानंतर. पुण्यात आता रेंज रोव्हरची जुळणी होते, पण नवी जॅग्वार सॉलिहललाच बनायची आहे. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार कराराने ब्रिटनहून येणाऱ्या पेट्रोल-डिझेल मोटारींवरचे शुल्क ठरावीक कोट्यापुरते टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर यायचे आहे. विद्युत गाड्यांना मात्र पहिली पाच वर्षे काहीच सवलत नाही. म्हणजे टाटांच्याच घरातली, पण सॉलिहलहून आलेली जॅग्वार मुंबईत हवी असेल, तर तिच्यावर पूर्ण आयात शुल्क भरावे लागेल.