डेक टाकताय? आधी पाणी सोडा!

संध्याकाळचे साडेसात. लॅपटॉप बंद, हातात कॉफीचा मग, पायाखाली लाकूड आणि समोर बाणेरची टेकडी... टेरेस फ्लॅट बुक करताना डोळ्यांसमोर हेच असतं ना? मग पझेशन मिळतं आणि दोन वर्षांत टेरेसवर उरतात कपड्यांचा स्टँड अन् जुनी सायकल. वुडन डेक हा त्यावरचा झक्कास उपाय. पण 'सागवान की डब्ल्यूपीसी?' हा प्रश्न जरा नंतर. आधी खाली बघा, टाइल्सकडे.

एकदा डेक बसला की खालचं काही दिसत नाही. वॉटरप्रूफिंग कच्चं असेल, तर पहिली खबर लागते ती खालच्या मजल्यावरच्या काकांना, त्यांच्या छताला ओल आल्यावर! मग सोसायटीची मीटिंग, आणि हौसेनं टाकलेला डेक उखडणं आलंच. म्हणून आउटलेटचं तोंड बंद करून इंच-दोन इंच पाणी ४८ तास साचवून ठेवा आणि काकांना छतावर लक्ष ठेवायला सांगा. (आधी चहाला बोलवा, काम सोपं होतं.) नंतर पाणी सोडलं की ते आपोआप आउटलेटकडे पळायला हवं. त्यासाठी दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार लागतो. हा उतार मोडायचा नाही. डेक लेव्हलला आणायचा तो खालचे पाय कमी-जास्त करून. कारपेंटर 'स्लॅबलाच स्क्रू मारतो, पक्कं बसेल' म्हणाला, तर तिथेच थांबवा. प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला नवी वाट. आणि हो, आउटलेटवरची फळी उचलता यायला हवी. जूनमध्ये तिथेच पानं अडकतात.

आता लाकूड. सागवान देखणं, पण महाग. वर्षातून एकदा तेल पाजलं नाही, तर करडं पडतं. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक. त्याला तेलपाणी नको, वाळवीचं टेन्शन कमी. पण मे महिन्यातल्या दुपारी अनवाणी उभं राहून दाखवा! उन्हात ते लांबीला वाढतं, म्हणून टोकांना गॅप हवीच. स्क्रू मात्र दोन्हीसाठी स्टेनलेस स्टीलचेच.

एका गोष्टीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. फ्रेम आणि फळी मिळून डेक चार-पाच इंच वर येतो, म्हणजे रेलिंग तेवढंच बुटकं होतं. नॅशनल बिल्डिंग कोडनुसार रेलिंग तयार फ्लोअरपासून किमान १ मीटर हवं. बिल्डरनं नेमकं तेवढंच दिलं असेल आणि तुम्ही कडेला मस्त बाक टाकलात, तर घरातल्या चिमुरड्याला शिडीच मिळाली की! एक तर रेलिंग वाढवा (सोसायटीची लेखी परवानगी घेऊन), नाहीतर फ्रेमचा नाद सोडा. बाक कुठल्याही परिस्थितीत भिंतीच्या बाजूलाच.

वजनाचंही तेच. आयएस ८७५ या मानकात घरांच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो भार धरलाय. फूटभर ओली माती एकटीच त्याच्या वर जाते. त्यामुळे डेक हलकाफुलका चालेल, पण मातीनं भरलेले वाफे इंजिनीअरला विचारूनच.

भाड्याचं घर असेल, तर एवढा खटाटोप कशाला? एकमेकांत अडकणाऱ्या डेक-टाइल्स मिळतात, आयकियात किंवा ऑनलाइन. स्क्रू नाही, कारपेंटर नाही, रविवारची एक सकाळ पुरते. उंचीही जेमतेम इंचभर. घर बदललं की खोक्यात भरायच्या आणि चालू पडायचं. डिपॉझिटही सुरक्षित!